खालच्या मळ्याचा रस्ता

"मॅडम, तुमच्या नकाशात इथे रस्ता आहे. माझ्यासमोर भिंत आहे."

फोनवर शेळके होते, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. मंगळवारची दुपार होती, साडेतीन वाजत आले होते. मी ताथवड्याच्या आमच्या ऑफिसात बसले होते. ॲम्ब्युलन्सच्या टॅबमध्ये नकाशाची काही अडचण आली तर फोन करायला एक नंबर दिलेला होता. तो माझा होता.

"कुठे आहात तुम्ही?"

"खालचा मळा. महाळुंग्याच्या पुढे. मेन रोडवरून उजवीकडे वळलो, आत आलो. पुढे कंपनीची कंपाउंड वॉल. वर काटेरी तार."

मी स्क्रीनवर खालचा मळा उघडला. रस्ता दिसत होता. मेन रोडवरून सुटून सरळ खोल्यांच्या वस्तीपर्यंत जाणारी पांढरी रेघ, कुठेही न तुटलेली.

"अजून थोडं पुढे वळण असेल बघा."

"मॅडम, मी भिंतीला बंपर टेकवून उभा आहे."

मी विचारलं, "पेशंटला काय झालंय?"

"दमा. बाई आहे. श्वास लागलाय. पलीकडून माणसं ओरडतायत, ऐकू येतंय मला."

मलाही ऐकू येत होतं. शेळक्यांनी सायरन बंद केला नव्हता. सायरनच्या मागे बायकांचे आवाज होते. मी दुसरी वाट शोधली. मागे मेन रोडला यायचं, चौकातून वळसा घ्यायचा, जुन्या गावातून देवळापाशी आत शिरायचं. चार किलोमीटर. पण साडेतीनची वेळ. फर्स्ट शिफ्ट सुटलेली, सेकंड शिफ्ट भरलेली, कंपन्यांच्या बसेस आणि कंटेनर सगळे एकाच रस्त्यावर. त्या वेळी तिथे चार किलोमीटर म्हणजे किती वेळ, हे चाकणला कामाला जाणाऱ्या कुणालाही विचारा.

मी वाट सांगितली. शेळके म्हणाले, "गाडी वळवायला जागा नाही. रिव्हर्स काढावी लागेल." आणि मग, जरा वेगळ्या आवाजात, "गाडीतले डॉक्टर बॉनेटवर चढलेत. थांबा."

फोन कट झाला.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते.

मी वीस वर्षं नकाशांचं काम करते. पूर्वी मोजणीचे नकाशे करायचे, आता कॉम्प्युटरवर. आमची कंपनी छोटी आहे. त्या मंगळवारच्या तीन वर्षं आधी आम्ही चाकणच्या औद्योगिक पट्ट्याचा एक नकाशा हातात घेतला. कारण साधं होतं. त्या भागात कंपन्यांचे रस्ते नकाशात सापडतात. गेट नंबरसुद्धा सापडतात. पण कंपन्यांत काम करणारी माणसं राहतात कुठे, ते सापडत नाही. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीवर बांधलेल्या खोल्या, एका ओळीत दहा, समोरासमोर वीस. त्यांना पत्ता नसतो. विचारलं तर सांगतात, "नानांच्या खोल्या, टाकीच्या मागं." एवढ्यावर ॲम्ब्युलन्स पोचत नाही. फायरचा बंब पोचत नाही.

असा मोठा भाग पगारी सर्व्हेअर लावून मोजायला वर्षं जातात. म्हणून आम्ही लोकसहभागातून नकाशा करायचं ठरवलं. पद्धत अशी: उपग्रहाने काढलेला फोटो कॉम्प्युटरवर उघडायचा. त्यात दिसणारी घरं, रस्ते, गल्ल्या माउसने गिरवायच्या. हे काम स्वयंसेवक करतात. घरबसल्या, फुकट. ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं-मुली आमच्याकडे खूप होती. एकाने गिरवलेलं दुसरा अनुभवी माणूस तपासतो. त्याला व्हॅलिडेशन म्हणतात. त्यानंतर तिसरी पायरी. कुणीतरी प्रत्यक्ष तिथे जायचं आणि रस्ता खरंच आहे का ते चालून बघायचं. तेवढं झालं की रस्ता पक्का.

नकाशा ॲम्ब्युलन्सच्या टॅबमध्ये गेला तेव्हा ड्रायव्हर लोक खूश होते. शेळके तर मला मुद्दाम फोन करून सांगायचे, "मॅडम, आज एकालाही न विचारता पोचलो." मला त्याचा अभिमान वाटायचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी सहाला शेळक्यांचा परत फोन आला.

"गेली मॅडम ती."

"कसं झालं?" मी विचारलं.

"डॉक्टरांनी तारेवर गोणपाट टाकलं. पलीकडून कुणीतरी शिडी लावली, तिच्यावरून उतरले. ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर, नेब्युलायझर, सगळं पास केलं मी वरून. त्यांनी तिथंच अंगणात सुरू केलं. मी वळसा घालून पोचलो तोवर पाऊण तास झाला होता. गाडीत घेतली. चाकणच्या अलीकडंच गेली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. त्यांच्या हाताला तार लागली होती, टाके पडले."

बाईचं नाव वंदना होतं. एकोणतीस वर्षांची. हिंगोली जिल्ह्यातली. नवरा-बायको दोघंही वेगवेगळ्या कंपन्यांत कामाला. खोकला वाढला म्हणून तिने त्या दिवशी सुट्टी टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोसले सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते आमचे हेड. माणूस वाईट नाही. आजही आमचं बोलणं आहे.

"हे बघ माधुरी, झालं ते वाईटच झालं. पण नकाशाखाली आपण स्पष्ट लिहिलंय की माहिती लोकांनी भरलेली आहे, चुका असू शकतात. ड्रायव्हरने एकदा विचारायला हवं होतं."

"सर, आपण त्यांना टॅब कशासाठी दिला? विचारावं लागू नये म्हणून."

"मी कायद्याचं बोलतोय."

"मला लॉग बघू द्या आधी," मी म्हणाले.

लॉग म्हणजे नोंदवही. नकाशातली प्रत्येक रेघ कुणी काढली, कधी काढली, कुणी तपासली, सगळं सिस्टीममध्ये आपोआप लिहिलं जातं. रेघ पुसली तरी ही नोंद पुसता येत नाही. मी खालच्या मळ्याचा रस्ता सिलेक्ट केला. काढणारी: मृणाल. सेकंड इयरची विद्यार्थिनी, आमच्या सगळ्यात नेटक्या स्वयंसेवकांपैकी एक. खाली फोटोची तारीख होती. फोटो दोन वर्षांपूर्वीचा. फोटोत भिंत नव्हती. दोन शेतांच्या मधून जाणारी बैलगाडीची पाणंद होती, स्वच्छ दिसणारी. मृणालने फोटोत जे दिसलं ते अचूक गिरवलं होतं.

त्याखाली: व्हॅलिडेशन, माधुरी. आणि त्याखाली तिसरी ओळ: प्रत्यक्ष पाहणी झाली, माधुरी.

मी तिथे कधीच गेले नव्हते.

ती संध्याकाळ मला आठवली. चार दिवसांनी नकाशाच्या उद्घाटनाचा कार्यक्रम होता. पाहुणे ठरले होते, टॅब वाटायचे होते. पाहणी बाकी असलेले थोडेच रस्ते उरले होते. सर्व्हेला जाणारी आमची टीम दुसऱ्या टोकाला, कुरुळीकडे अडकलेली. बाकी असलेले रस्ते टॅबमध्ये दिसणार नव्हते. मी विचार केला, रस्ता तर उघड दिसतोय, पाणंद आहे, जुनी आहे, ती कुठे जाणार आहे? वीस वर्षं फोटो बघून माझी नजर तयार झालेली. मी एकेक उघडला, बघितला, 'पाहणी झाली' वर टिक केलं. खालच्या मळ्याला मला किती वेळ लागला ते लॉगमध्ये आहे. नऊ सेकंद.

मी केबिनमध्ये परत गेले आणि भोसले सरांना हे सांगितलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"सिस्टीमला."

"घरी जा तू आज," ते म्हणाले.

मी निगडीला घरी आले. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू काय मुद्दाम केलंस का?" तो धीर द्यायलाच म्हणाला. पण मुद्दाम केलं नाही, हे वाक्य मी स्वतःशी किती वेळा म्हणून बघितलं, त्याचा उपयोग होत नव्हता.

मृणालला मी स्वतः भेटून सांगितलं. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही आणि दुसऱ्या कुणाकडून तिला कळायला नको होतं.

"मी काढला होता तो?" तिने विचारलं.

"तू बरोबर काढला होतास. फोटोत तसाच आहे. तपासायचं काम माझं होतं."

"पण काढला मीच ना."

"मृणाल, तुझी चूक नाही."

"मला तिथे जायचंय मॅडम."

शनिवारी आम्ही दोघी गेलो. मेन रोडने, शेळके गेले त्याच वळणाने. आत शिरताना रस्ता चांगला आहे, मुरूम टाकलेला. ड्रायव्हरला संशय यावा असं काही नाही. मग एकदम भिंत. करड्या सिमेंटच्या ब्लॉकची, न रंगवलेली. खाली एका जागी प्लास्टिकच्या बंपरचा काळा ओरखडा होता. मृणाल त्याच्याकडे बघत उभी राहिली. वर तारेवर गोणपाटाचा तुकडा अजून लटकत होता.

आम्ही गाडी मागे घेतली आणि वळसा घालून देवळापाशी आत शिरलो. शनिवारी सकाळी रस्ता मोकळा होता, तरी वीस मिनिटं लागली.

खोल्यांचे मालक नाना ओट्यावर बसले होते. जुन्या गावातले, सत्तरीचे. जमीन थोडी कंपनीला गेली, थोडीवर खोल्या बांधल्या, थोडीत अजून ज्वारी करतात. मी कोण आहे ते सांगितलं. टॅबमधला नकाशा आमचा आहे हेही सांगितलं. वाटलं, हाकलून देतील. त्यांनी खुर्च्या मागवल्या.

"ही भिंत कधी झाली नाना?"

"दीड वरीस झालं. जागा कंपनीनं घेतली व्हती, रीतसर. पाणंद त्येच्यातनंच जायची. घातली भिंत. आमी काय म्हननार?"

"कुणाला कळवलं होतं का?"

"कुनाला कळवायचं? गॅसवाल्याला ठावं हाय. दूधवाल्याला ठावं हाय. पोस्टमनला ठावं हाय. शाळंची रिक्षाबी देवळाकडनंच येती. तुमालाच तेवढं ठावं न्हाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते नुसतं सांगत होते.

"त्या दिवशी काय झालं?" मृणालने विचारलं.

"सायरन वाजला बगा भितीपल्याड. बाया म्हनल्या, आली गाडी, आली गाडी. वंदनाला आमी खाटंवर भायेर आनलं. तिला नीट कळत व्हतं सगळं. ती भितीकडंच बघत व्हती. मंग गाडी काय येईना. सायरन तितंच. मी शिडी लावली. डाक्टर आला खाली, हातातनं रगत. लई केलं त्यानं. खोटं कशाला बोलू, लई केलं. पर तवर ती निळी पडली व्हती."

मृणाल उठून अंगणात गेली. नाना तिच्या पाठीकडे बघत म्हणाले, "पोरगी कोन?"

"आमच्याकडे काम करते."

"तिला पानी द्या," ते आत कुणाला तरी म्हणाले.

वंदनाचा नवरा दत्ता तेव्हा गावी होता. अंत्यविधी तिकडेच झाला. मी नानांकडे नंबर ठेवून आले. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "दत्ता आलाय. सामान न्यायला. तुमाला भेटायचं व्हतं ना?"

मी एकटीच गेले. मृणालला विचारलं होतं. तिने फोन उचलला नाही.

दहा बाय दहाची खोली. पत्र्याचं कपाट उघडं होतं. अर्ध्या पिशव्या बांधून झाल्या होत्या. दत्ता तिशीतला, बारीक अंगाचा, क्षौर केलेल्या डोक्यावर नुकतेच केस उगवू लागलेले. मी दारातच माझं नाव सांगितलं. काय सांगायला आले तेही सांगितलं. ठरवून गेले होते की गोल गोल बोलायचं नाही. रस्ता नकाशात चुकीचा होता. तपासायचं काम माझं होतं. मी न बघता बघितलं असं लिहिलं.

तो कुकरला वर्तमानपत्र गुंडाळत होता. गुंडाळून झालं. मग म्हणाला, "तुमी आलता का हितं? त्याच्या आधी कधी?"

"नाही."

"एकदाबी नाही?"

"नाही."

त्याने मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच. "बसा," म्हणाला.

मी खाली बसले. तो माझ्याशी बोलत होता, पण बघत होता पिशव्यांकडे.

"म्या फस्ट शिफ्टला होतो त्या दिवशी. तीनला सुटलो. आमची बस चौकात अडकली. जॅम. मागून ॲम्ब्युलन्स आली, बसच्या ड्रायव्हरनं बाजूला घ्यायचा लई प्रयत्न केला. जागाच नव्हती. आमी सगळे खिडकीतून बघायलो. शेजारचा म्हणला, कुणाचं तरी काहीतरी झालंय. म्या म्हणलं, हो ना बिचारं." त्याने पिशवीची गाठ आवळली. "ती गाडी माझ्याच घरी चालली होती."

मला वाटलं आता तो मला काहीतरी बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. पण त्याने कपाटाच्या वरच्या खणातून एक छोटा निळा इन्हेलर काढला. तिकडे सगळे त्याला पंप म्हणतात. तो माझ्यासमोर हलवून दाखवला. आवाज आला नाही.

"हा संपत आलता. रविवारी आणतो म्हणलं होतं. रविवारी ओव्हरटाइम लागला, राहून गेलं. सोमवारी इसरलो."

"दत्ता..."

"नाही, मी सांगतो तुमाला. तुमी आलात, तुमचं सांगितलं. माझं कुणाला सांगू? तिच्या आईला सांगू का?"

मी त्याला काहीही म्हणू शकले असते. की पंप असता तरी त्याने भागलं नसतं. की डॉक्टरांनाच माहीत. पण यातलं मला काहीच खात्रीने माहीत नव्हतं, आणि खात्री नसताना लिहून टाकायचं काम मी एकदा केलं होतं. त्याचं रडून होईपर्यंत तिथेच बसले. मग आम्ही दोघांनी मिळून उरलेली भांडी बांधली. टेम्पो आला. जाताना तो म्हणाला, "येतो ताई." एवढंच.

तो परत चाकणला आला नाही. नानांनी ती खोली बरेच दिवस भाड्याने दिली नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात मी रिपोर्ट लिहिला. काय झालं, कुठे चुकलं, कुणाचं चुकलं. लॉगचा फोटो जोडला. भोसले सरांनी तो वाचला.

"हे ॲम्ब्युलन्सवाल्यांना पाठवणार आहेस?"

"हो."

"टॅब काढून घेतील. तीन वर्षांचं काम आहे, माधुरी. आणि तुझं काय होईल?"

"सर, माझं नाव असलेल्या अजून अकरा टिक आहेत त्या संध्याकाळच्या. मी एकही रस्ता बघितलेला नाही."

ते खुर्चीत मागे टेकले. "पाठव," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझंही नाव टाक. कार्यक्रमाची तारीख मी ठरवली होती."

टॅबमधून नकाशा काढला गेला. इथे माझी गोष्ट चांगल्या वळणाने संपवता आली असती, पण तसं झालं नाही. नकाशा नसताना ॲम्ब्युलन्स पुन्हा विचारत विचारत जाऊ लागल्या. एक दिवस शेळक्यांचा फोन आला.

"मॅडम, काल निघोज्याला अर्धा तास फिरलो. चुकीचं द्या असं म्हणत नाही मी. पण काहीच नाही, हेही चालत नाही."

"पेशंट?"

"वाचला. पण दर वेळी वाचेलच असं नाही ना."

चुकीच्या नकाशाने काय झालं ते मला माहीत आहे. नकाशा काढून घेतल्याने त्या दोन-अडीच महिन्यांत काय झालं, ते कुणीच नोंदवलेलं नाही. मला त्याच्यामुळेही झोप लागत नाही.

त्या अकरा रस्त्यांपासून आम्ही सुरुवात केली. मी स्वतः चालले. नऊ बरोबर होते. एका ठिकाणी ओढ्यावरची मोरी खचलेली, मोटारसायकल जाईल पण गाडी नाही. एका ठिकाणी कुणीतरी रस्त्यावरच खोल्या बांधल्या होत्या. मग बाकीचं. जेवढं बघून झालं, तेवढंच टॅबमध्ये परत जाऊ लागलं. या वेळी कॉलेजातली मुलं फक्त गिरवायला. पाहणीला आम्ही तिथल्याच माणसांना धरलं. गॅसच्या गाडीवरचे दोघं, एक दूधवाला, आणि खोल्यांमधल्या बायका. त्यांना फोनवर नकाशा दाखवायचा आणि एकच विचारायचं, गाडी जाते का? पावसाळ्यात जाते का? प्रत्येक रस्त्यासमोर आता बघणाऱ्याचं नाव आणि बघितल्याची तारीख दिसते. सहा महिने झाले की ती रेघ आपोआप तुटक होते, म्हणजे ड्रायव्हरला कळतं की इथे भरवसा नाही. काम फार हळू चालतं. आधी आठवड्यात जेवढं व्हायचं तेवढ्याला दोन महिने लागतात.

भिंतीत गेट करून द्यावं म्हणून नाना आणि वस्तीतल्या लोकांनी कंपनीला अर्ज दिला. मीही गेले होते बरोबर. मॅनेजरने चहा दिला, ऐकून घेतलं. वर्षभराने माणूस जाईल एवढं लोखंडी दार बसलं. किल्ली वॉचमनकडे असते. गाडी अजूनही देवळाकडूनच जाते.

मृणाल आमच्याकडे पुन्हा आली नाही. कॅम्पसमधून तिला नोकरी लागली, मारुंजीला कुठेतरी राहते असं ऐकलं. तिची चूक नव्हती हे मी तिला तीनदा सांगितलं. एकदाही तिने मान्य केलं नाही. नकाशाच्या साईटवर तिचं खातं अजून आहे. त्यात एक रेघ कमी आहे, खालच्या मळ्याची. ती तिने घरूनच लॉगिन करून स्वतः पुसली होती. मी पुसायच्या आधी.

परवा कुरुळीच्या एका नव्या वस्तीत शोभाताई नावाच्या बाईंबरोबर होते. त्या खोल्यांमधल्या पोरांना डबे करून देतात, त्या भागातली गल्ली न् गल्ली त्यांना पाठ आहे. सगळं भरून झालं. एक कोपरा उरला, शेडच्या मागचा.

"इकडे रस्ता आहे ना ताई? फोटोत दिसतोय."

"असंल. मी कधी गेले न्हाई तिकडं."

"मग काय लिहू?"

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने बघितलं. "काय लिहू म्हंजे? गेले न्हाई तर कशाला लिहायचं?"

ऊन वाढलं होतं आणि त्यांना डब्यांची घाई होती. तो कोपरा आम्ही तसाच कोरा ठेवला. टॅबमध्ये तिथे रेघच दिसत नाही. ड्रायव्हर तिथे थांबतो, काच खाली करतो आणि कुणाला तरी विचारतो. त्यात दोन मिनिटं जातात.